परदेशातून जुने पुस्तक मागवणाऱ्याला वाली कोण?

मा. संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन खरेदीविषयी अलीकडे एक लेख प्रसिद्ध झाला. जगातले कोणतेही पुस्तक आता दुर्मिळ राहिलेले नाही, इंग्लंड-अमेरिकेतल्या दुकानाच्या फळीवरची प्रत आपल्या दारात यायला केवळ पैसे आणि थोडा धीर लागतो, असा त्या लेखाचा एकंदर सूर होता. साताऱ्यात राहून अनेक वर्षे अशी पुस्तके स्वतःसाठी आणि संशोधन करणाऱ्या काही विद्यार्थ्यांसाठी मागवत आलेला वाचक म्हणून मला हे विधान घाईचे वाटते. पैसे लागतात हे खरेच आहे. धीर किती लागतो याची मात्र लेखकाला कल्पना नसावी. या व्यवहारात पुस्तक विकणारा, संकेतस्थळ चालवणारा, पार्सल वाहून आणणारा, सीमाशुल्क आकारणारा आणि शेवटी ते घरी पोचवणारा असे निदान पाच जण गुंतलेले असतात, आणि काही बिघडले की त्यांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. माझी तक्रार या बेवारशीपणाविषयी आहे. त्यातला परदेशातला भाग आपल्या हाती नाही. पण आपल्या देशातला भाग सुधारण्याजोगा आहे, आणि तो सुधारण्यास फारसा खर्चही येणार नाही.

मुळात परदेशातून जुने पुस्तक मागवायचेच कशाला, पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर काय कमी पुस्तके मिळतात, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. महाराष्ट्राविषयीचे कित्येक महत्त्वाचे ग्रंथ महाराष्ट्रात छापलेच गेले नाहीत. ग्रँट डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता; इथल्या कागदपत्रांच्या आधारे त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाला तो लंडनला. धनगरांच्या बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवरील गुंथर सोंथायमर यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनीतील वीसबाडेनहून जर्मन भाषेत निघाला आणि तो इंग्रजीत यायला १९८९ साल उजाडले. महात्मा फुले आणि त्यांच्या काळातील जातिविरोधी चळवळीवरील रोझलिंड ओ'हॅनलन यांचा अभ्यास १९८५ मध्ये केंब्रिजने काढला. असे ग्रंथ मुळातच थोड्या प्रतींत छापले जातात आणि त्यांतल्या बहुतेक प्रती युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांत जातात. तिथला प्राध्यापक निवृत्त झाला किंवा वारला की त्याचा संग्रह तिथल्याच जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याकडे उतरतो. पुण्याच्या रद्दीवाल्याच्या गाडीवर ती प्रत येण्याचा संभव फार थोडा.

स्कॅन केलेल्या प्रती फुकट उपलब्ध असताना हा खटाटोप कशाला, अशीही शंका घेतली जाते. इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरपासून कितीतरी ग्रंथ घरबसल्या वाचता येतात आणि त्याबद्दल मी त्या संस्थेचा ऋणीच आहे. परंतु १९७० किंवा १९८० च्या दशकातील ग्रंथ अजून स्वामित्वहक्काच्या कक्षेत असल्यामुळे तेथे मुक्तपणे मिळत नाहीत. जे जुने मिळतात, त्यांतले घडीचे नकाशे पाहावेत. स्कॅन करणाऱ्याने घडी उलगडलेली नसल्यामुळे अख्ख्या प्रांताच्या नकाशाऐवजी कागदाची एक दुमडलेली पट्टी आपल्याला दिसते, आणि ज्याला एखाद्या घाटाची किंवा किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेची जुनी नोंद पडताळायची आहे, त्याला छापील प्रतीवाचून गत्यंतर राहत नाही.

आता बाजाराकडे वळतो. संकेतस्थळांची नावे अनेक असली तरी त्यांमागची मालकी तितकी वेगवेगळी नाही. कॅनडातील व्हिक्टोरिया शहरात १९९५ मध्ये स्थापन झालेली आणि जगभरच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांना संकेतस्थळ पुरवणारी एबबुक्स ही कंपनी २००८ मध्ये ॲमेझॉनने घेतली. जर्मन भाषेतील जुन्या पुस्तकांचे झेडव्हीएबी हे मोठे संकेतस्थळ २०११ मध्ये एबबुक्सकडे गेले. आणि टपालखर्च न घेता जगभर नवी पुस्तके पाठवणारी इंग्लंडमधील बुक डिपॉझिटरी ही कंपनीही त्याच वर्षी ॲमेझॉनकडे जाऊन एप्रिल २०२३ मध्ये बंद पडली. एका ठिकाणी पुस्तक सापडले नाही म्हणून आपण दुसरीकडे शोधतो, तेव्हा पुष्कळदा आपण त्याच कोठारात दुसऱ्या दाराने शिरत असतो. व्यापाऱ्यांनाही याचा जाच होतो, हे २०१८ मध्ये दिसून आले. झेक प्रजासत्ताक, हंगेरी, रशिया, दक्षिण कोरिया आदी देशांतील विक्रेत्यांना वगळण्याचा निर्णय एबबुक्सने जाहीर करताच २७ देशांतील सुमारे ६०० पुस्तकविक्रेत्यांनी आपली लक्षावधी पुस्तके संकेतस्थळावरून काढून घेतली आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. विक्रेत्यांची संघटना होती म्हणून हे घडले. साताऱ्यात, लातुरात किंवा मडगावात एकेक पुस्तक मागवणाऱ्या ग्राहकाची अशी कोणतीही संघटना नाही आणि ती होण्याची शक्यताही नाही.

या बाजारात सर्वांत त्रासदायक गोष्ट कोणती, असे मला विचाराल तर मी पार्सलच्या विलंबाचे नावही घेणार नाही. जे पुस्तक विकायला ठेवले आहे ते विक्रेत्याकडे मुळात असतेच असे नाही, ही खरी अडचण आहे. काही मोठे विक्रेते इतरांच्या याद्या संगणकाकरवी उचलतात, त्यांवर आपला नफा चढवून तेच पुस्तक आपल्या नावाने पुन्हा मांडतात आणि मागणी आली की मूळ दुकानदाराकडून ते विकत घ्यायला निघतात. दरम्यान तिथली प्रत विकली गेली असली तर आपल्याला 'पुस्तक उपलब्ध नाही' एवढाच निरोप येतो. एकाच पुस्तकाच्या सात-आठ प्रती सात-आठ विक्रेत्यांकडे दिसाव्यात आणि प्रत्यक्षात ती जगाच्या बाजारात एकच प्रत असावी, असा प्रकार शोध घेताना वारंवार आढळतो. वर्णनातला मजकूर शब्दशः सारखा असेल तर ही शंका अवश्य घ्यावी. एका शोधनिबंधासाठी लागणारे पुस्तक आम्ही अमेरिकेतील म्हणून मागवले, डॉलरमध्ये किंमत आणि आंतरराष्ट्रीय टपालखर्चही भरला, आणि पाकीट आले ते दिल्लीहून, भारतीय टपालाने. अमेरिकेतल्या विक्रेत्याने दिल्लीच्या दुकानदाराची प्रत आपल्या नावावर मांडली होती, एवढाच त्याचा अर्थ. आम्हाला पुस्तक मिळाले हे खरे. परंतु ज्या प्रवासाचे पैसे घेतले तो प्रवास त्या पुस्तकाने केलाच नव्हता.

किमती संगणकावर सोपवल्याने काय होते याचा एक जगप्रसिद्ध दाखला आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ मायकेल आयसेन यांना माशीच्या वाढीवरील एका जुन्या शास्त्रीय पुस्तकाची ॲमेझॉनवरील किंमत दोन कोटी ३६ लाख डॉलरच्या वर गेलेली आढळली. एक विक्रेता आपली किंमत दुसऱ्याच्या किमतीपेक्षा किंचित कमी ठेवत होता आणि दुसरा ती पहिल्याच्या सव्वापट करत होता. दोघांची यंत्रे रोज एकमेकांकडे पाहून आकडा चढवत राहिली आणि कोणाही माणसाने तिकडे पाहिले नाही. ती किंमत हास्यास्पद असल्यामुळे निदान लक्षात आली. चाळीस डॉलरचे पुस्तक अशाच रीतीने चारशे डॉलरवर जाऊन बसते तेव्हा ते दुर्मिळ असेल असे समजून एखादा विद्यार्थी गप्प बसतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे पैसे भरतो.

दुसरा प्रकार पुनर्मुद्रणांचा. स्वामित्वहक्क संपलेल्या ग्रंथाचे स्कॅन घेऊन मागणीनुसार एकेक प्रत छापून देणारे व्यावसायिक आता सर्वत्र आहेत, भारतातही आहेत, आणि त्या व्यवसायात गैर काही नाही. गैर हे की अशी प्रत विकताना मूळ ग्रंथाचे वर्ष, मूळ प्रकाशकाचे नाव आणि कधीकधी मूळ मुखपृष्ठाचे छायाचित्रही लावले जाते. माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी एकोणिसाव्या शतकातील एका प्रवासवर्णनाची जुनी आवृत्ती समजून जी प्रत मागवली, ती चकचकीत कागदी बांधणीची निघाली; आतली काही पाने तिरकी छापलेली होती आणि दोन ठिकाणी स्कॅन करणाऱ्याचे बोटही पानासोबत छापले गेले होते. तक्रार केल्यावर, वर्णनात तळाशी 'पुनर्मुद्रण' असे लिहिले होते याकडे विक्रेत्याने लक्ष वेधले. ते खरोखरच लिहिलेले होते, चौथ्या ओळीत.

१९७० च्या आधीच्या पुस्तकांच्या बाबतीत ही लबाडी अधिक सोपी होते, कारण पुस्तकाची प्रत्येक आवृत्ती ओळखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या आयएसबीएन क्रमांकाची आंतरराष्ट्रीय पद्धत त्या वर्षापासूनची आहे आणि त्याआधीचे पुस्तक ओळखायला शीर्षक, वर्ष आणि विक्रेत्याचे वर्णन यांखेरीज दुसरी खूण नसते. वर्णनाचे म्हणाल तर जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांच्या एका अमेरिकी साप्ताहिकाने १९४९ मध्येच प्रतींच्या स्थितीच्या श्रेणी ठरवून दिल्या होत्या, आणि जाणकार दुकानदार अजूनही त्या पाळतात. फाटलेले वेष्टण, सैल झालेली शिवण, पानांवरचे तांबूस डाग, आधीच्या मालकाची सही, हे सगळे ते नोंदवतात. परंतु गोदामात लाखो पुस्तके ठेवणाऱ्या विक्रेत्याला प्रत्येक प्रत उघडून पाहणे परवडत नाही. तो सगळ्या पुस्तकांना एकच छापील वाक्य लावतो की प्रतीत खुणा असू शकतील, रेघोट्या असू शकतील, ग्रंथालयाचे शिक्के असू शकतील. सगळेच असू शकेल असे म्हटले की नंतर कशाचीच जबाबदारी उरत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो की थोडे पैसे अधिक पडले तरी ज्या विक्रेत्याने त्या विशिष्ट प्रतीचे वर्णन केले आहे त्याच्याकडून घ्यावे, आणि आधी पत्र लिहून शीर्षकपृष्ठाचे छायाचित्र मागावे. छोटे दुकानदार बहुतेक वेळा आनंदाने पाठवतात. वेल्समधील एका वृद्ध दुकानदाराने तर नकाशे उलगडून प्रत्येकाचे छायाचित्र पाठवले होते. या व्यवसायात सज्जन माणसे पुष्कळ आहेत, हेही नमूद करणे न्याय्य होईल.

टपालखर्चाचे गणित वाचकांना ठाऊक नसावे. पाच-सात डॉलरच्या पुस्तकासाठी अमेरिकेतून पंचवीस-तीस डॉलर टपालखर्च द्यावा लागणे आता नवलाचे राहिलेले नाही. पूर्वी समुद्रमार्गे, सावकाश पण स्वस्तात, पुस्तके येत. अमेरिकेच्या टपाल खात्याने १४ मे २००७ पासून परदेशी जाणारे समुद्रमार्गाचे टपाल बंद केले आणि तेव्हापासून जे काही येते ते विमानाने. शिवाय संकेतस्थळावर दिसणारा टपालखर्च साधारणतः एक किलो वजनाचे पुस्तक गृहीत धरून मांडलेला असतो. पैसे भरून झाल्यावर विक्रेता कळवतो की ग्रंथ जाड आहे, जादा रक्कम पाठवा, अन्यथा मागणी रद्द. शब्दकोश, गॅझेटियर, वनस्पतिशास्त्राचे ग्रंथ, म्हणजे नेमकी जी पुस्तके आपण परदेशातून मागवतो ती, क्वचितच एका किलोत बसतात.

या सगळ्यात मराठी पुस्तकांचा एक वेगळाच अध्याय आहे आणि तो आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवा. अमेरिकेच्या १९५४ च्या पी. एल. ४८० या कायद्याखाली आपल्याकडे गहू आला. रेशनच्या दुकानातला तो लाल गहू माझ्या पिढीच्या चांगला स्मरणात आहे. त्या गव्हाच्या बदल्यात भारतात साठलेल्या रुपयांतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ पासून दिल्लीतील आपल्या कार्यालयामार्फत भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी करून तिकडच्या विद्यापीठांना वाटली. त्यांत मराठी पुस्तकेही मोठ्या प्रमाणात होती: कादंबऱ्या, कवितासंग्रह, जिल्ह्याजिल्ह्यांतून निघालेली चरित्रे, छोट्या प्रकाशकांच्या पुस्तिका. आपल्याकडे त्यांच्या प्रती वाळवीने खाल्ल्या किंवा रद्दीत गेल्या, तिकडे त्या कोरड्या हवेत टिकल्या. आता जागेच्या टंचाईमुळे काही ग्रंथालये वापर नसलेली पुस्तके काढून टाकतात आणि ती जुन्या पुस्तकांच्या बाजारात येतात. असे एक पुस्तक मी मागवले होते. त्यावर ग्रंथालयातून बाद केल्याचा शिक्का होता आणि पुस्तक नेल्याच्या तारखा नोंदवण्याच्या कागदावर एकही नोंद नव्हती. ते चाळीस वर्षे कोणी उघडलेही नसावे.

ही पुस्तके शोधणे मात्र महाकर्मकठीण आहे. देवनागरी न येणारा विक्रेता त्यांना हिंदी किंवा संस्कृत समजून मांडतो, मुखपृष्ठाचे छायाचित्र उलटे लावतो आणि लेखकाच्या जागी प्रकाशकाचे नाव देतो. ज्याने ग्रंथालयाच्या नोंदीवरून माहिती उतरवली असेल, त्याच्याकडे देशपांडे हे आडनाव 'Desapande' आणि केळकर हे 'Kelakara' असे रोमन लिपीत सापडते, कारण त्या ग्रंथालयांच्या लिप्यंतराच्या नियमांत अक्षरातला न उच्चारलेला अकारही 'a' म्हणून लिहिला जातो. हे एकदा कळले की त्या रूपाने शोध घेता येतो आणि आपल्याकडे कुठेच न मिळणारी पुस्तके समोर येतात. लेखकमहाशयांनी त्यांच्या पुढच्या लेखात ही युक्ती अवश्य द्यावी; पत्र लिहिण्याचा निदान एवढा तरी उपयोग व्हावा.

आता आपल्या देशाच्या हद्दीतल्या गोष्टींकडे येतो. पैसे भरण्यापासूनच सुरुवात होते. १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंद असतात आणि ते ग्राहकाला स्वतः सुरू करावे लागतात. फसवणूक टाळण्यासाठी हा नियम योग्यच आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही. चलनबदलावर बँक जी आकारणी करते तीही सोसता येते. खरी अडचण पुस्तक भारतात उतरल्यानंतरची आहे.

२०१९ च्या अर्थसंकल्पापर्यंत आयात केलेल्या पुस्तकांवर सीमाशुल्क नव्हते. त्या वर्षी जुलैमध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पाच टक्के शुल्क लावले आणि देशी प्रकाशन व मुद्रण व्यवसायाला उत्तेजन देणे हे त्याचे कारण सांगितले. नव्या पुस्तकांच्या बाबतीत हे कारण मान्य करता येईल किंवा त्यावर वाद घालता येईल. परंतु १९७६ साली वीसबाडेनला छापलेल्या आणि पुन्हा बाजारात न आलेल्या जर्मन ग्रंथाच्या एका वापरलेल्या प्रतीवर शुल्क घेतल्याने शिवकाशीच्या किंवा पुण्याच्या कोणत्या मुद्रकाला काम मिळते? ते पुस्तक इथे छापले जाणार नाही, त्याला इथला पर्याय नाही, आणि मागवणारा ते विकण्यासाठी मागवत नाही. पुस्तकांवर आयात शुल्क नसावे हे तत्त्व युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या १९५० च्या फ्लॉरेन्स कराराने जगापुढे ठेवलेले आहे, आणि छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर न लावताना आपल्या सरकारनेही पुस्तक ही इतर मालासारखी वस्तू नसल्याचे एका परीने मान्य केलेले आहे.

पाच टक्के ही रक्कम मोठी नाही हे मला कळते. हजार रुपयांच्या पुस्तकावर ती पन्नासच्या आसपास होते. परंतु ते पन्नास रुपये भरून देण्याबद्दल एका कुरिअर कंपनीने आमच्याकडून शुल्काच्या कितीतरी पट सेवाआकार वसूल केला आणि तो नेमका कशासाठी हे विचारल्यावर संगणकाने तयार केलेले एक इंग्रजी पत्र पाठवले. पुस्तक सोडवण्यापूर्वी ओळखीची कागदपत्रे, बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा मागितला जातो. त्याला हरकत नाही, पण ही मागणी करणारा संदेश ज्या इंग्रजीत येतो ते वाचून गावाकडचा विद्यार्थी तो फसवणुकीचा प्रकार समजून सोडून देतो. आणि आजकाल कस्टमच्या नावाने खरोखरच फसवे संदेश फिरत असल्यामुळे त्याला दोषही देता येत नाही. मुदत उलटली की पार्सल परत जाते, विक्रेता म्हणतो की ग्राहकाने ते सोडवले नाही, आणि टपालखर्च वजा करून उरलेले पैसे परत येतात. पुस्तकाची किंमत सात डॉलर आणि टपालखर्च तीस डॉलर असेल तर काय उरते याचा हिशेब वाचकांनीच करावा.

छापील साहित्यासाठीच्या साध्या टपालाने येणाऱ्या पाकिटाला पुष्कळदा माग घेण्याचा क्रमांकच नसतो. क्रमांक असला तरी परदेशातील संकेतस्थळावर तो भारतात पोचल्याची नोंद दिसते आणि त्यानंतर सगळे शांत. पत्त्यांचाही गोंधळ आहेच. परदेशी अर्जातील एकेका ओळीत मोजकीच अक्षरे मावतात, त्यामुळे पेठेचे नाव आणि 'अमुक मंदिराच्या मागे' ही खूण कापली जाते आणि पिन कोडच्या भरवशावर पाकीट गावात येते. आमचे पोस्टमन नावावरून ओळखतात म्हणून निभावते. पुण्या-मुंबईच्या नव्या वसाहतींत ते निभावेलच असे नाही. पावसाळ्यात नुसत्या पुठ्ठ्याच्या पाकिटात आलेल्या पुस्तकाचे काय होते ते सांगायला नकोच. जून ते सप्टेंबर या काळात जुने पुस्तक मागवूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

चुकीची किंवा खराब प्रत आली तर ती परत पाठवण्याचा हक्क कागदोपत्री असतो, पण साताऱ्याहून इंग्लंडला एक किलोचे पार्सल पाठवण्याचा खर्च बहुतेक वेळा पुस्तकाच्या किमतीहून अधिक होतो आणि त्यासाठी पुन्हा सीमाशुल्काचे घोषणापत्र भरावे लागते. विक्रेत्यांना हे पक्के ठाऊक आहे. त्यामुळे काही जण 'परत पाठवा, सगळे पैसे देतो' असे उदारपणे लिहितात.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या एक-दोन वापरलेल्या पुस्तकांना ठरावीक किमतीपर्यंत शुल्कातून पूर्ण सूट असावी, म्हणजे शुल्कही वाचेल आणि त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे ते भरून देण्याच्या नावाखाली होणारी आकारणीही बंद होईल. शुल्क लावलेच तर त्याचा हिशेब, कुरिअरचा सेवाआकार आणि कागदपत्रांची मागणी मराठीत, एकाच ठरलेल्या नमुन्यात आणि अधिकृत संकेतस्थळावर पडताळता येईल अशा क्रमांकासह यावी. परदेशी टपाल भारतात उतरल्यानंतर ते कोठे आहे याची नोंद जिल्ह्याच्या मुख्य टपाल कचेरीतही पाहता यावी. टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची जुनी सवलतीची सेवा अचानक बंद केली आणि ओरड झाल्यावर १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट ही नवी सेवा सुरू केली. लोकांनी लिहिले तर खाते ऐकते, असा याचा अर्थ मी घेतो.

आणखी एक गोष्ट आपल्या ग्रंथालयांच्या हातची आहे आणि तिला कोणाच्याही परवानगीची गरज नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात अशी तरतूद आहे की जे पुस्तक भारतात विक्रीसाठी उपलब्ध नाही, त्याच्या तीनपर्यंत प्रती ना-नफा तत्त्वावरील सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्या उपयोगासाठी करून घेता येतात. मुंबईची एशियाटिक सोसायटी, पुण्याचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि डेक्कन कॉलेज, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ यांच्याकडे परदेशी ग्रंथांचा मोठा संग्रह आहे. जिल्ह्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाने त्यांच्याकडील एखाद्या अप्राप्य ग्रंथाची प्रत कायदेशीर मार्गाने करून घेतली, तर त्या जिल्ह्यातल्या कोणालाही परदेशी विक्रेत्याच्या दारात जावे लागणार नाही. ही तरतूद कोणी वापरल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. आमच्याच जिल्ह्यातील भिलार येथे जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या वेल्समधील 'हे-ऑन-वाय' या गावाच्या धर्तीवर २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव उभे राहिले. तिथे पुस्तके वाचायला मिळतात, विकत मिळत नाहीत. वाचून झालेली, संग्रहातून निघालेली जुनी पुस्तके तिथे विकण्याची आणि त्यांची यादी ऑनलाइन ठेवण्याची सोय शासनाने केली, तर पी. एल. ४८० मधून अमेरिकेला गेलेल्या पुस्तकांच्या इथेच उरलेल्या प्रतीही कदाचित बाहेर येतील.

सूट किती किमतीपर्यंत देता येईल, आणि एका पुस्तकाच्या पार्सलवर आज नेमकी कोणकोणती आकारणी होते, याविषयी सीमाशुल्क आणि टपाल या दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांनी आपल्या याच सदरातून खुलासा करावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सातारा